शनिवारचा स्पॅनिशचा तास: प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते जानेवारी २०२५

२२ जून २०२४

आज सुरुवात झाली एकदाची. पुण्यातली मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा, तिसरी-चौथीची मिळून वीसेक मुलं, शनिवारची सकाळची शाळा सुटली की अकरा ते बारा. मोठ्या बाईंनी वर्ग दिला आणि बाकं भिंतीला सरकवायची परवानगी पण दिली, मला तेवढीच मोकळी जागा हवी होती.

पहिले काही तास वही नाही, पेन्सिल नाही, फळ्यावर अक्षर नाही असं ठरवलंय. फक्त कान, तोंड आणि हातपाय. लेवान्तेन्से म्हटलं की उठायचं, स्येन्तेन्से म्हटलं की बसायचं, साल्तेन म्हणजे उड्या, मग तोकेन ला पारेद म्हणजे पळत जाऊन भिंतीला हात लावायचा. ही जेम्स अ‍ॅशर यांची टीपीआर पद्धत, म्हणजे आधी ऐकून अंगाने उत्तर द्यायचं आणि बोलणं मागाहून आपोआप येऊ द्यायचं. अर्ध्या तासात मुलं घामाघूम, पण सगळ्यांना आठ-दहा आज्ञा कळत होत्या आणि एकानेही "म्हणजे काय?" विचारलं नाही.

अक्षरं मुद्दाम लांब ठेवलीयत कारण महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी असतं, त्यामुळे यू दिसला की मुलं "यू" वाचणार आणि उनो (म्हणजे एक) चं युनो होणार. एकदा कानात उनो पक्कं बसलं की डोळ्याला फसायला वाव राहत नाही.

दुसरं ठरवलेलं, आणि या सगळ्या प्रकल्पामागचं खरं कारण तेच आहे: समजावून सांगायचं ते मराठीतून. बाजारात आणि नेटवर लहान मुलांसाठीचं जे स्पॅनिश मटेरियल मिळतं ते बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना जे अवघड जातं त्याभोवती बांधलेलं असतं. आपल्या मुलांच्या अडचणी वेगळ्या आणि आपल्या सोयीही वेगळ्या. इंग्रजीच्या जिन्याने वर जाऊन परत खाली उतरायचं कशाला, शेजारच्या दारातून सरळ आत जाता येतंय तर.

६ जुलै

आज फक्त आवाज. आ, ए, इ, ओ, उ असे पाचच स्वर, आणि प्रत्येकाचा एकच उच्चार, कुठेही बदलत नाही. मुलांना हे इतकं साधं वाटलं की एकीने विचारलं, "ताई, मग यांना स्पेलिंग पाठ करावी लागत नाहीत?" जवळजवळ नाहीतच म्हटलं, तर वर्गात टाळ्या.

स्पॅनिशमधला टी हा आपला त, आणि डी हा साधारण द. ट आणि ड नाहीतच. ज्यांना इंग्रजीची शिकवणी आहे ती मुलं "टोमाटे" म्हणत होती, मी "तोमाते" म्हटलं आणि त त तलवारीतला एवढंच सांगितलं, संपला विषय. हेच इंग्रजी माध्यमाच्या मोठ्या मुलांना शिकवताना मी जीभ कुठे लावायची याची चित्रं काढत बसलेय. दात आणि जीभ आपल्या मुलांकडे तयार आहेत, फक्त आठवण करून द्यायची.

र मात्र दोन आहेत. पेरो म्हणजे परंतु, आणि र लांब थरथरवला की पेर्रो, म्हणजे कुत्रा. थरथरता र काढायला मुलांना रिक्षाचा आवाज काढायला लावला, बाजूच्या वर्गातून बाई बघायला आल्या.

शेवटी जीभ वळवायचा खेळ: त्रेस त्रीस्तेस तीग्रेस, तीन दुःखी वाघ. त्यांनी बदल्यात मला कच्चा पापड पक्का पापड म्हणायला लावलं. वाघ दुःखी का आहेत यावर बरीच चर्चा झाली, शेवटी भूक लागलीय असं ठरलं, कारण जुन्या वाक्यात ते गहू खातात आणि वाघाला गहू कसा पुरणार.

२० जुलै

आकडे घ्यायचे होते आणि फुटबॉलने सगळं काम करून दिलं. आपल्याकडच्या १५ जुलैच्या पहाटे आधी युरोची फायनल, स्पेनने इंग्लंडला २-१ हरवलं, आणि मग सकाळी कोपा अमेरिकेची, अर्जेंटिनाने कोलंबियाला १-०. चार-पाच मुलं घरच्यांबरोबर जागली होती, त्यांच्या डोळ्यासमोर सगळं ताजं. मग जर्सीचे नंबर: यमाल द्येसिन्वेवे, १९. नीको विल्यम्स १७. मेस्सी अर्थातच द्येस, १०. गोल कितव्या मिनिटाला? विल्यम्स ४७, ओयारसाबाल ८६, लाउतारो मार्तिनेस ११२. वीसपर्यंत आकडे शिकवायचे हा माझा प्लॅन होता पण मुलांना ११२ पाहिजेच होता, तर घेतला, स्येन्तो दोसे. मेस्सी दुखापत होऊन बाहेर बसला आणि रडला हे एकाने इतकं मनापासून सांगितलं की त्यामुळे रडणं हा शब्द पण यादीत गेला, योरार.

महत्त्वाचं पुढे झालं. एक मुलगा म्हणाला, स्पेन स्पॅनिश बोलतं ते ठीक, पण अर्जेंटिना पण? आणि कोलंबिया पण? म्हणजे चारातले तीन? पुढच्या वेळी नकाशा.

२७ जुलै

गुरुवारच्या पावसाने पुण्यात जे पाणी झालं त्यानंतर आज निम्मी मुलं सुद्धा नव्हती. आलेल्यांना घेऊन मोठ्या कार्डशीटवर नकाशा रंगवला. स्पॅनिश अधिकृत भाषा असलेले २० स्वतंत्र देश: दक्षिण अमेरिकेत ९, मध्य अमेरिकेत ६, मग मेक्सिको, क्युबा, डॉमिनिकन रिपब्लिक, स्पेन आणि आफ्रिकेतलं विषुववृत्तीय गिनी. आफ्रिकेवर सगळ्यांचं बोट अडलं. आणि मधोमध एवढा मोठा ब्राझील कोरा का, तर तिथे पोर्तुगीज, तेच जे गोव्यात आले होते, हे ऐकल्यावर तिथे हिरवा रंग वेगळा भरायचा आग्रह झाला.

सुमारे ५० कोटी लोकांची ही मातृभाषा. पण मुलांना आकड्यापेक्षा रंगवलेला भाग केवढा पसरलाय ते बघून कळलं.

१७ ऑगस्ट

आज लिहिण्यासारखं खूप आहे.

आवडीनिवडी घेतल्या. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्यांना इथे सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो, आणि स्पॅनिशमध्ये वाक्यच उलटं फिरतं. अख्खे धडे असतात यावर, बाण काढून, रंग देऊन. मी फळ्यावर (आता फळा सुरू केलाय) फक्त एवढं लिहिलं: मला आंबा आवडतो, आणि खाली मे गुस्ता एल मांगो. मग मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. आणि गप्प उभी राहिले.

मागच्या बाकावरच्या मुलीने सांगितलं, "मला म्हणजे मे. आणि आंबे जास्त झाले की तिकडे पण न लागतो." एवढंच व्याकरण आहे हो! आंब्याप्रमाणे क्रियापद बदलतं, माझ्याप्रमाणे नाही, आणि हे मराठी बोलणारं पोर जन्मापासून करत आलंय. कर्ता, कर्म, काही सांगावं लागलं नाही. मला हे वाचून माहीत होतं, स्वतःला शिकताना जाणवलं पण होतं, तरी आठ वर्षाच्या मुलीच्या तोंडून ऐकताना फार भारी वाटलं.

मग कल्ला. नो मे गुस्ता कारलं, नो मे गुस्ता भेंडी, नो मे गुस्तान लोस गणिताचे पेपर. भाज्यांची नावं मराठीच राहू दिली, वाक्याचा सांगाडा स्पॅनिश असला की पुरे, शब्द येतील मागून.

एका चौथीतल्या मुलाने जो प्रश्न विचारला तो इथे नोंदवून ठेवते: "आंबा आवडतो, भेंडी आवडते, कारलं आवडतं. पण गुस्ता तसंच राहतंय, का?" कारण स्पॅनिशमध्ये क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही, विशेषण बदलतं. त्याला थोडं चुकल्यासारखं वाटलं, म्हणाला "सोपं केलंय त्यांनी." लिंगाची जाणीव इतकी पक्की असलेल्या मुलांना एल आणि ला शिकवायला मी आता अजिबात घाबरणार नाही.

पालकांच्या ग्रुपवर प्रश्न आलेत, आधी इंग्रजी तरी नीट येऊ दे, आणि स्पॅनिश शिकून पुढे काय. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पोटतिडकीने विचारलेत. मी लिहिलं की २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परदेशी भाषा माध्यमिक टप्प्यावर सुचवल्यात आणि त्यात स्पॅनिश आहे, तेव्हा पुढे दार आहेच. पण आत्ता यांना परीक्षा नाही, घरचा अभ्यास नाही. आणि आपल्या मराठीचं व्याकरण किती हुशार आहे हे त्यांना बाहेरच्या भाषेतून कळतंय, हा फायदा मला आजच दिसला.

३१ ऑगस्ट

एल आणि ला. दोन टोपल्या, वस्तू टाकायच्या. "आणि ते कुठंय?" हा प्रश्न येणार माहीतच होतं, पुस्तक बिचारं हातात घेऊन उभी होती एक जण. स्पॅनिशमध्ये तो आणि ती एवढंच, नपुंसकलिंगी नामं नाहीत, पुस्तक तिकडे तो. चंद्र तिकडे ती. चंद्र ती झालेला मुलांना मान्य नाही, चांदोमामा आहे तो. राहू दे म्हटलं, लूना वेगळी, मामा वेगळा.

२१ सप्टेंबर

लोतेरिया केली. मेक्सिकोतला घरोघरचा खेळ, ५४ चित्रांची कार्डं, प्रत्येकाकडे सोळा चित्रांचा तक्ता, आणि पुकारणारा एकेक कार्ड काढून ओरडतो. १८८७ मध्ये क्लेमेन्ते जाक यांनी छापलेला संच तिथे आजही चालतो, पहिलं कार्ड कोंबडा, एल गायो. आकड्यांऐवजी चित्रांची हाऊजी म्हटलं की कळतं आपल्याकडे.

छापील संच वापरायचा नाही, आपली कार्डं आपण काढायची असं ठरलं. एल सोल, ला लूना, एल गायो हे तिकडचे ठेवले, बाकी मुलांचे: ला वाका म्हणजे गाय, एल ताम्बोर म्हणून ढोल (गणपती नुकतेच झालेत, ढोल येणारच), ला यूव्या म्हणजे पाऊस, एल आउतोबूस म्हणून पीएमपीची बस. खुणेला मेक्सिकोत घेवड्याचे दाणे ठेवतात, आम्ही राजमा ठेवला, आणि राजमा मूळचा तिकडचाच म्हटल्यावर दाणे जरा जपून हाताळले गेले.

खरी मजा पुकारण्यात आहे. तिकडे पुकारणारा नुसतं नाव घेत नाही, ओळ जोडतो, कोडं घालतो. आमच्या मुलांना कोडी म्हणजे हातचा मळ! एकीने पावसासाठी "छत्री उघडली की पळून जात नाही, सुट्टी दिली की येत नाही" असं घातलं आणि सगळे एका दमात ला यूव्या. कोडं मराठीत, उत्तर स्पॅनिशमध्ये. हे दर महिन्याला एकदा करायचंच.

१९ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधी मेक्सिकोचा दिया दे मुएर्तोस, म्हणजे गेलेल्या माणसांच्या आठवणीचा सण, घ्यायचा हे जूनपासून ठरलेलं, तिकडे तो १ आणि २ नोव्हेंबरला असतो, लहानपणी गेलेल्यांसाठी पहिला दिवस आणि मोठ्यांसाठी दुसरा. यंदा १ नोव्हेंबरला आपलं लक्ष्मीपूजन आहे.

एका आईने उत्साहाने विचारलं होतं की मोठ्या टोप्या, खोट्या मिशा, कवटीचे मुखवटे असं फॅन्सी ड्रेस ठेवूया का. मी नको म्हटलं, नीट समजावून. तो त्यांच्या घरातला श्रद्धेचा दिवस आहे. उद्या दुसऱ्या देशात कुणी पितृपक्षाचा फॅन्सी ड्रेस केला तर आपल्याला कसं वाटेल. त्यांना पटलं, आणि झेंडूची फुलं त्यांनीच आणली.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. युरोपियन जहाजांतून इकडे आला आणि आपल्या दसऱ्याच्या तोरणात जाऊन बसला. तिकडे याच फुलांच्या पाकळ्यांची वाट करतात, गेलेल्या माणसांना घर सापडावं म्हणून. मागच्याच शनिवारी दसरा झालेला, त्यामुळे हे ऐकून मुलं एकदम शांत झाली.

ओफ्रेन्दा, म्हणजे गेलेल्यांसाठीची मांडणी, केली: बाकावर चादर, वर कापून नक्षी केलेला पतंगाचा कागद, पाण्याचा ग्लास, मीठ, फुलं, आणि प्रत्येकाने आठवणीतल्या एकाचं चित्र. कुणी पणजी, कुणी शेजारचे काका, दोघांनी कुत्रा काढला, तिकडे पण पाळीव जनावरांसाठी ठेवतात म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. "ताई, आपण सर्वपित्रीला ठेवतो तसंच की, फक्त कावळा नाही" हे पहिल्या पाच मिनिटांतच कुणीतरी म्हणालं. ते पण आवडीचं खायला ठेवतात, आपण पण.

आणि मग एक मुलगा चहाच्या कपाचं चित्र घेऊन आला. आजोबांसाठी. म्हणाला, मला स्पॅनिशमध्ये म्हणायचंय, आजोबांना चहा आवडायचा. भूतकाळ माझ्या वर्षाच्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हता, तिसरी-चौथीला कोण देतं. पण "आवडतो" म्हणून भागणार नव्हतं, त्याला पण नाही आणि मला पण नाही. फळ्यावर लिहिलं, आ मि आब्वेलो ले गुस्ताबा एल ते. आवडतो चं गुस्ता, आवडायचा चं गुस्ताबा. नेहमी व्हायचं आणि आता होत नाही, यासाठी मराठीत जे रूप आहे नेमकं तेच तिकडे आहे, आणि आजोबांना मधल्या ना साठी पुढे आ लागतो. इंग्रजी मधे घेतलं असतं तर हे सांगायला मला तास लागला असता. त्याने दोनदा म्हटलं आणि कप ठेवला.

मग प्रत्येकाला गुस्ताबा पाहिजे झाला. आजीला जिलबी, काकांना क्रिकेट, कुत्र्याला पार्ले बिस्किट. घंटा झाली तरी रांग संपत नव्हती. शिकवायचं काय ते पुस्तकातल्या क्रमाने येत नाही, मुलाला जे बोलायची गरज पडते त्या क्रमाने येतं, यावर माझा आता पूर्ण विश्वास बसलाय.

१६ नोव्हेंबर

सुट्टीनंतरचा पहिला तास. शाळेत सगळे शिक्षक निवडणुकीच्या ड्युटीच्या गडबडीत, आम्ही कोपऱ्यातल्या वर्गात.

मेक्सिकोत ग्वादालाहाराला माझी एक मैत्रीण प्राथमिक शाळेत शिकवते, तिच्या वर्गाशी आवाजाची देवाणघेवाण सुरू केली. लाइव्ह जमणं शक्यच नाही, आपल्याकडे शनिवारचे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा तिकडे शुक्रवारची रात्र साडेअकरा. म्हणून रेकॉर्ड करून पाठवायचं. तिकडच्या मुलांचा पहिला प्रश्न: तुम्ही आंब्याला मीठ आणि तिखट लावून खाता का?

वर्गाने जो आवाज केला तो रेकॉर्डमध्ये फाटला. कैरीला मीठ-तिखट हा काय प्रश्न आहे! मग मी गोष्ट सांगितली. मिरची तिकडून इकडे आली, आणि आंबा आशियातून तिकडे गेला. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं फिलिपिन्समधल्या मनिलापासून मेक्सिकोतल्या आकापुल्कोपर्यंत स्पॅनिश जहाजं चालायची, आजही तिकडच्या एका आंब्याला मनिला म्हणतात. चिंच पण आपल्या बाजूने तिकडे पोचलेली, आणि ते तिच्या तिखट-गोड गोळ्या करतात. इतिहासाचा धडा म्हणून सांगितलं असतं तर जांभया आल्या असत्या, कैरीवरून सांगितलं तर दहा प्रश्न.

आमचं उत्तर: सी, नोस गुस्ता मूचो! आणि आमचा प्रश्न, तुमच्याकडे शनिवारी शाळा असते का. नसते, असं उत्तर आलं. त्यावर काही बोलत नाही.

७ डिसेंबर

टॉर्तियाचा, म्हणजे मेक्सिकोच्या पोळीचा दिवस, पालकांसह. मैद्याची तयार टॉर्तिया विकत मिळते पण ती ही नव्हे. मेक्सिकोची खरी रोजची टॉर्तिया मक्याची आणि ती चुन्याच्या पाण्यातली, निश्तामाल. घरी आधी करून बघितलं आणि प्रमाण लिहून ठेवतेय: १ किलो वाळलेला मका (स्वीट कॉर्न नाही, पूर्ण पिकून वाळलेलाच), ३ लिटर पाणी, १० ग्रॅम खायचा चुना. पाऊण तास मंद उकळायचं, झाकून रात्रभर ठेवायचं, सकाळी चोळून चोळून धुवायचं की सालं सुटतात, मग वेट ग्राइंडरवर घट्ट वाटायचं. चुना मोठ्यांनीच हाताळायचा, मुलांच्या हाती फक्त धुतलेला मका.

आयांना यात मुलांपेक्षा जास्त रस. मक्याची भाकरी थापताना कडेला चिरते हे प्रत्येकीला माहीत, आणि हे पीठ चिरत नाही. चुन्यामुळे दाण्याचं आवरण विरतं आणि पिठाला चिकटपणा येतो, शिवाय मक्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळायला लागतं. हे न करता नुसत्या मक्यावर जगणाऱ्या लोकांना युरोपात आणि अमेरिकेत पेलाग्रा हा आजार व्हायचा. मेसोअमेरिकेतल्या, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या भागातल्या बायकांनी हे हजारो वर्षांपूर्वी शोधलं. एक आजी म्हणाल्या, म्हणजे पानाचा चुना असा पण उपयोगी पडतो होय. आणि त्यांनी जी टॉर्तिया थापली, प्लास्टिक न लावता, नुसत्या हातावर, तिचा व्हिडिओ ग्वादालाहाराला गेलाय.

स्पेनमध्ये टॉर्तिया म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, हे सांगितल्यावर पुढच्या वेळी तेही करूया अशी मागणी आहे.

२८ डिसेंबर

बारा द्राक्षं. स्पेनमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाचे बारा ठोके टीव्हीवर ऐकत प्रत्येक ठोक्याला एक द्राक्ष खातात. आपल्याकडे नाशिकची द्राक्षं नुकती यायला लागलीत, आंबटच आहेत पण चालली. लहान मुलांना घाईत अख्खं द्राक्ष देणं धोक्याचं, घशात अडकतं, म्हणून उभी चिरून आणली आणि ठोके हळू दिले. ठोके ताटावर डावाने, मोजणी सगळ्यांनी मिळून, उनो ते दोसे. दोसे नंतर कुणीतरी सवयीने स्येन्तो दोसे ओरडलं, लाउतारो अजून विसरलेला नाहीये.

११ जानेवारी २०२५

६ जानेवारीला तीन राजांचा दिवस झाला, स्पेनमधल्या मुलांना भेटी त्या दिवशी मिळतात, आदल्या रात्री बूट काढून ठेवतात. हे पटकन सांगितलं, वेळ दुसऱ्या गोष्टीला हवा होता.

मराठीचा आधार जिथे सरळ मिळत नाही असा भाग आता आलाय. "आहे" साठी तिकडे दोन क्रियापदं, एस आणि एस्ता. कोण आहे, कसलं आहे ते एस. कुठे आहे, आत्ता कशा अवस्थेत आहे ते एस्ता. मराठीत दोन्हीला आहे. "असतो" आणि "आहे" ने थोडं काम होतं: केळं पिवळं असतं ते एस, हे केळं हिरवं आहे ते एस्ता, आणि एस्ता वेर्दे म्हटलं की कच्चं असाही अर्थ होतो. पण "ती डॉक्टर आहे" ला एसच लागतं, तिथे ही युक्ती संपते, आणि मुलांना ती तोडून-मोडून नियम म्हणून द्यायची नाही.

म्हणून परत जूनसारखं, अंगाने. वर्गाचे दोन भाग खडूने आखले, वाक्य ऐकून योग्य बाजूला पळायचं. आज "कुठे आहे" ची सगळी वाक्यं बरोबर गेली, दोन्देस्ता विचारलं की सगळे एस्ता च्या बाजूला. माणसांच्या स्वभावावर आलं की मध्ये रेषेवर गर्दी. तो रागीट आहे की आत्ता रागावलाय, हे मुलं एकमेकांना विचारत होती, आणि नेमकं तेच विचारायला हवंय.

पुढच्या शनिवारी: कच्ची आणि पिकलेली केळी दोन्ही (एकीच्या घरचं झाड आहे, ती आणतेय), ग्वादालाहाराच्या मुलांचं नवीन रेकॉर्डिंग, आणि चौथीच्या मुलांकडून पाचवीच्या बाईंना द्यायचं पत्र, की तिकडे गेल्यावर पण शनिवारी एक वर्ग रिकामा मिळेल का.